मेक्सिकोत संसार मांडताना: ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्या कुटुंबांसाठी

ऐरोली, महापे, घणसोली आणि वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांतून ग्वादालाहारा, केरेतारो, मोन्तेर्रे किंवा मेक्सिको सिटीत बदलीवर जाणारी मराठी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. मेक्सिकोत बरीच वर्षे काढून मी ठाण्याला परतले तेव्हापासून अशी कुटुंबे चौकशीसाठी घरी येतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात: तिथे सुरक्षित आहे का, शाकाहारी माणसाचे कसे होते आणि स्पॅनिशवाचून भागते का. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतीलच. पण तिथल्या रोजच्या जगण्याची घडी ज्या गोष्टीवर बसलेली आहे, तिच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. मेक्सिकोत माणूस आधी समोरच्या माणसाची दखल घेतो आणि मगच कामाचे बोलतो. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की बँक, शाळा, घरमालक, भाजीवाली या सर्वांशी व्यवहार सोपा होतो. तो अंगवळणी पडला नाही, तर उत्तम स्पॅनिश बोलूनही माणूस वर्षानुवर्षे परकाच राहतो.

निघण्यापूर्वी: नावे, दाखले आणि सामान

मेक्सिकोतल्या कोणत्याही अर्जावर नावासाठी तीन रकाने असतात. पहिल्यात स्वतःचे नाव, दुसऱ्यात वडिलांचे आडनाव आणि तिसऱ्यात आईचे आडनाव. मुलाला आईवडील दोघांचीही आडनावे मिळतात आणि लग्नानंतर बाईचे नाव बदलत नाही. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि शेवटी आडनाव अशी पद्धत असल्यामुळे तिथला कारकून मधले नाव आडनाव समजून भलत्याच रकान्यात लिहून मोकळा होतो, आणि ती चूक पुढे निवास-पत्र, बँक खाते, मुलांची शाळा अशी सगळीकडे पसरत जाते. म्हणून पासपोर्टवर जे आणि जसे लिहिलेले आहे तेच, त्याच अक्षरांत, प्रत्येक ठिकाणी लिहायला लावावे, आणि दुसरे आडनाव नसल्यास तो रकाना कोराच राहू द्यावा.

लग्नानंतर ज्यांचे नाव बदललेले आहे, त्यांनी मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव कोणते आहे, हे ठाण्यातच तपासून घ्यावे. दाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असेल, तर ते एकाच व्यक्तीचे असल्याचा पुरावा, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, हाताशी असला पाहिजे, कारण ज्या समाजात बाईचे नाव कधीच बदलत नाही, तिथल्या अधिकाऱ्याला ही तफावत आपोआप समजेल अशी अपेक्षा करता येत नाही. जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि पदवी प्रमाणपत्र यांच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, करून घ्यावा. त्यांचे स्पॅनिश भाषांतर मात्र तिथल्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडूनच करून घेणे शहाणपणाचे, कारण बाहेरून आणलेले भाषांतर अनेकदा स्वीकारले जात नाही.

तात्पुरत्या निवासाचा व्हिसा घेऊन जाणाऱ्यांनी विमानतळावर, अधिकाऱ्याने पर्यटक म्हणून नोंद केलेली नाही ना, हे काउंटरवरून हलण्याआधी पाहावे, आणि प्रवेशानंतर 30 दिवसांच्या आत राष्ट्रीय स्थलांतर संस्थेच्या कार्यालयात निवास-पत्राची प्रक्रिया सुरू करावी. त्यानंतर मिळणारा कुर्प हा 18 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आपल्या आधार क्रमांकासारखा जागोजागी मागितला जातो.

सामान भरताना विजेचा विचार आधी करावा. मेक्सिकोत घरगुती वीज 127 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची असते, त्यामुळे इथला मिक्सर नेण्यात अर्थ नाही. प्रेशर कुकर मात्र अवश्य न्यावा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी साधारण 92-93 अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ किंवा राजमा शिजता शिजत नाही. पहिल्या आठवड्यात जिना चढताना धाप लागते आणि डोके दुखते, त्याचेही कारण हीच उंची आहे. त्या दिवसांत भरपूर पाणी प्यावे, रात्रीचे जेवण हलके घ्यावे आणि धावपळ टाळावी. ग्वादालाहारा आणि केरेतारो त्यामानाने कमी उंचीवर आहेत, आणि मोन्तेर्रेला हा प्रश्न नाहीच. तिथे उन्हाळा मात्र नागपूरची आठवण करून देणारा असतो.

जिरे, धणे, दालचिनी, लवंग, चिंच, मसूर, काबुली चणे, कोथिंबीर हे सगळे तिथल्या कोणत्याही बाजारात मिळते. तूरडाळ, मोहरी, हिंग आणि गोडा मसाला तेवढा न्यावा, तोही कारखान्यात सीलबंद केलेला, आणि कस्टमच्या अर्जावर खाद्यपदार्थांची नोंद करावी. ताजा कढीपत्ता किंवा कोणतीही रोपे-बियाणे बॅगेत ठेवू नयेत.

आधी नमस्कार, मग काम

लिफ्टमध्ये शिरताना, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात पाऊल टाकताना, दुकानाच्या दारात, शेजाऱ्याच्या समोरून जाताना, अनोळखी माणसांनाही दुपारपर्यंत ‘बुएनोस दियास’, त्यानंतर अंधार पडेपर्यंत ‘बुएनास तार्देस’ आणि पुढे ‘बुएनास नोचेस’ म्हणायचे असते. हे शब्द न उच्चारता थेट ‘टोमॅटो कसे दिले’ असे विचारणारा माणूस तिथे उद्धट समजला जातो, मग त्याचा हेतू कितीही सरळ असो. ठाणे स्टेशनच्या पुलावर आणि लोकलच्या गर्दीत वाढलेल्या आपल्याला, वेळ वाचवणे म्हणजे समोरच्यावर उपकार, असे वाटत असते. तिथे वेळ देणे हाच मान आहे.

खाणावळीत जेवत असलेल्यांच्या टेबलाजवळून जाताना ‘प्रोवेचो’ म्हणावे, गर्दीतून वाट काढताना ‘कोन पेर्मिसो’ म्हणावे आणि निघताना निरोप घेतल्याशिवाय निघू नये. घरगुती कार्यक्रमात सर्वांना एकदम हात हलवून ‘बाय’ म्हणणे कमीपणाचे वाटते. प्रत्येकाजवळ जाऊन निरोप घ्यायचा असतो आणि त्यात अर्धा तास गेला तरी त्याला कोणी वेळेचा अपव्यय मानत नाही. स्त्रिया एकमेकींना आणि ओळखीचे स्त्री-पुरुष परस्परांना उजवा गाल गालाला टेकवून भेटतात. ज्यांना हे अवघड वाटते, त्यांनी आपणहून हात पुढे करावा; समोरचे लोक समजून घेतात.

वयाने किंवा अधिकाराने मोठ्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणावे आणि त्यांनी सांगितल्यावरच ‘तू’वर यावे. आपल्या घरात आजोबांना अहो-जाहो करणाऱ्याला हे वेगळे शिकावे लागत नाही. पदवीलाही तिथे मान आहे: इंजिनिअरला ‘इन्हेनिएरो’, पदवीधर अधिकाऱ्याला ‘लिसेन्सियादो’, आणि शिक्षकाला तसेच कुशल सुतार-गवंड्याला ‘माएस्त्रो’ असे संबोधतात. घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी ‘माएस्त्रो’ म्हणू लागले तेव्हापासून तो काम झाल्यावर नळाखालची फरशी पुसून, वापरलेला वॉशर मला दाखवून आणि पुढच्या खेपेला काय बदलावे लागेल ते समजावूनच जायचा.

स्पष्ट ‘नाही’ ऐकायला मिळणार नाही, हेही मनाशी धरून चालावे. तोंडावर नकार देणे असभ्य मानले जाते, त्यामुळे ‘उद्या होईल का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळेल आणि काम होणार नाही. यात फसवण्याचा हेतू क्वचितच असतो. उपाय प्रश्न बदलण्यात आहे. हो-नाहीत उत्तर येईल असे विचारू नये. ‘यासाठी अजून कोणता कागद लागेल’, ‘मी कोणत्या दिवशी, किती वाजता येऊ’, ‘ही सही कोण करते’ असे विचारावे. ऑफिसातही हाच नियम आहे. पुण्या-मुंबईच्या टीमकडून आलेला, कुशल विचारल्याशिवाय थेट मुद्द्याला हात घालणारा मेसेज तिथल्या सहकाऱ्याला फटकारल्यासारखा वाटतो. आधी दोन ओळी माणसासाठी लिहाव्यात आणि मग कामाच्या नोंदीचा तिकीट क्रमांक.

स्पॅनिश किती लागते याचे प्रामाणिक उत्तर असे की ऑफिसात कदाचित थोड्यावर भागेल, गल्लीत भागणार नाही. इथूनच आकडे, वार, भाज्यांची नावे आणि वर दिलेली अभिवादने पाठ करून जावीत. व्याकरण चुकले तरी लोक हसत नाहीत, मदतच करतात.

घर आणि गल्ली

घर भाड्याने घेताना मालक बहुधा ‘आवाल’ मागतो, म्हणजे त्याच शहरात स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार. नव्याने आलेल्या परदेशी कुटुंबाकडे असा माणूस कुठून असणार? त्याऐवजी भाड्याची हमी देणारी कायदेशीर पॉलिसी घेता येते आणि तिचा खर्च कंपनीने द्यावा, हे ठाण्यातून निघण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे. विजेचे बिल साधारणपणे दोन महिन्यांनी येते आणि तेच पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, त्यामुळे जुनी बिले जपून ठेवावीत.

नळाचे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. वीस लिटरच्या ‘गार्राफोन’ बाटल्या घरपोच येतात आणि रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची असते. गॅस कुठे सिलिंडरने येतो, तर कुठे गच्चीवरच्या टाकीत टँकरमधून भरला जातो. मेक्सिको सिटीच्या अनेक वस्त्यांत कचऱ्याची गाडी येण्याआधी एक माणूस घंटा वाजवत गल्लीतून चालत जातो; ती ऐकली की ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन खाली उतरायचे. रताळी विकणाऱ्याच्या गाडीची वाफेची लांब शिट्टी, धारवाल्याची बासरी, जुने गाद्या-फ्रिज-स्टोव्ह विकत घेणाऱ्या टेम्पोवरचा मुलीचा ध्वनिमुद्रित आवाज, हे सगळे आवाज पहिल्या महिन्यात ओळखून ठेवावेत, कारण वस्तीचे घड्याळ त्यांच्यावरच चालते.

घरकामाला बाई ठेवणार असाल, तर 2019 च्या कायदादुरुस्तीने घरकामगारांना सामाजिक विमा, पगारी रजा आणि वर्षअखेरीचा ‘आगिनाल्दो’ हे हक्क दिलेले आहेत, ते काटेकोर पाळावेत. आगिनाल्दो म्हणजे किमान 15 दिवसांचा पगार, आणि तो 20 डिसेंबरच्या आत द्यायचा असतो. तुम्हालाही तुमच्या कंपनीकडून तो तसाच मिळतो. सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरून देणाऱ्या वृद्ध माणसांना दुकानाकडून पगार नसतो, ती केवळ ग्राहकांच्या बक्षिसीवर अवलंबून असतात. त्यांच्यासाठी खिशात सुटी नाणी ठेवावीत. उपाहारगृहात दहा ते पंधरा टक्के बक्षिसी रीतीची आहे. बिल मात्र मागितल्याशिवाय कोणी आणून देणार नाही, कारण न मागता बिल ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे.

मेक्सिको सिटीत भूकंपाच्या इशाऱ्याचा भोंगा रस्त्यारस्त्यांवर बसवलेला आहे आणि त्याचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. 1985 आणि 2017 चे विध्वंसक भूकंप 19 सप्टेंबर याच तारखेला झाले. दर वर्षी त्या दिवशी देशभर सराव होतो, आणि 2017 मध्ये तर सराव संपून दोन-सव्वादोन तास होतात न होतात तोच खरा भूकंप आला. सरावाच्या दिवशी कंटाळा न करता मुलांना घेऊन खाली उतरावे आणि इमारतीची जमण्याची जागा त्यांना दाखवून ठेवावी.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: रस्त्यावरची टॅक्सी हात करून थांबवू नये, अॅपवरून मागवावी, पैसे बँकेच्या आतल्या एटीएममधूनच काढावेत, अनोळखी फोनवर कोणी नातेवाईक संकटात असल्याचे सांगून पैसे मागितले, तर काही न बोलता फोन ठेवावा, आणि कोणती वस्ती टाळायची, हे बातम्यांपेक्षा इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारावे. मेक्सिको सिटीची मेट्रो 1969 पासून चालू आहे, पाच पेसोत कुठेही नेते, प्रत्येक स्थानकाला स्वतःचे चित्रचिन्ह असल्याने स्पॅनिश न येणाऱ्यालाही ती वापरता येते आणि पुढचे डबे गर्दीच्या वेळी बायका-मुलांसाठी राखीव असतात.

ताट आणि बाजार

मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते आणि त्यालाच ‘कोमिदा’ म्हणतात. साडेबारा वाजता भुकेने व्याकूळ होणाऱ्यांनी सकाळची न्याहारी भरपेट करावी, कारण ऑफिसची बैठक एक वाजताही ठेवली जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. गल्लीतल्या ‘फोंदा’ नावाच्या खाणावळीत ठरावीक दरात सूप, भात किंवा शेवया, एक रस्सा-भाजी, गरम तोर्तिया म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या आणि फळांचे सरबत मिळते. या जेवणाइतके मेक्सिकोची ओळख करून देणारे दुसरे काही नाही.

शाकाहारी माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे सांगून भागत नाही, कारण कोंबडी आणि हॅम यांना पुष्कळ लोक त्यात धरतच नाहीत. ‘सिन पोयो, सिन हामोन’ हेही म्हणावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भात आणि सूप अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले असतात आणि घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी, ‘मान्तेका’, असते. हे दोन्ही वेगळे विचारावे. विचारल्याचा कोणाला राग येत नाही. निर्धास्त खाता येईल असे खूप काही आहे: भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, निवडुंगाचे म्हणजे नोपालचे काप, घेवडा भरलेले तव्यावरचे त्लाकोयो, भाजलेल्या मिरच्यांची सायीतली भाजी, आणि कोपऱ्यावर लिंबू-तिखट लावून मिळणारे मक्याचे कणीस. मेक्सिको सिटीत केसादियात चीज हवे असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते.

तोर्तियाकडे पॅकेटातली वस्तू म्हणून पाहू नये. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी साले धुऊन काढून ओला दळतात आणि त्या पिठाच्या तोर्तिया भाजतात. या प्रक्रियेमुळे मक्यातले नायसिन शरीराला मिळते आणि वर कॅल्शियम मिळते ते वेगळे. गल्लीतल्या तोर्तियेरियात स्वतःचा स्वच्छ कपडा घेऊन जावे, किलोवर तोलून घ्याव्यात आणि गरम असतानाच घरी आणाव्यात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्या वासाने घर आठवते. या मक्याशी मराठी माणसाचे जुने नातेही आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून परागंदा होऊन मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले. दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले आणि 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभारला गेला. मेक्सिको सिटीत राहणाऱ्यांनी मुलांना घेऊन तिथे एकदा जावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

भाजी सुपरमार्केटमधून न घेता ‘तियांगिस’ या आठवडी बाजारातून घ्यावी. ठरलेल्या वारी ठरलेल्या रस्त्यावर तो भरतो आणि दुपारनंतर उठतो. अॅव्होकॅडो मागितला की विक्रेती विचारते, ‘आजसाठी की उद्यासाठी?’ तुम्ही ‘आज संध्याकाळी’ म्हणालात, तर ती ढिगातली पाच-सहा फळे देठाजवळ अंगठ्याने अलगद दाबून बघते, एक बाजूला काढते, दुसरे ‘हे परवा खा’ म्हणून पिशवीत वर ठेवते, आणि पैसे घेतल्यावर मूठभर कोथिंबीर किंवा दोन लिंबे आणखी टाकते. या वरकड देण्याला ‘पिलोन’ म्हणतात आणि ते मागून मिळत नाही, नेहमीचे गिऱ्हाईक झाल्यावर मिळते. म्हणून घासाघीस करू नये. दर आठवड्याला त्याच विक्रेतीकडे जावे. चिकू, सीताफळ, पेरू, मिरची, टोमॅटो सगळे तिथे दिसेल, आणि यातल्या चिकू-मिरचीचे तर मूळ घरच तो प्रदेश आहे.

सणांचे वर्ष

6 जानेवारीला ऑफिसात अंगठीच्या आकाराचा गोड पाव कापतात. ज्याच्या तुकड्यात छोटी बाहुली निघते, त्याने 2 फेब्रुवारीला सर्वांना तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे असतात. बाहुली मिळाल्यास ती लपवू नये. 10 मे हा मातृदिन वार कोणताही असला तरी त्याच तारखेला असतो आणि त्या दिवशी दुपारनंतर काम होईल ही आशा सोडावी. 15 सप्टेंबरच्या रात्री चौकाचौकांत स्वातंत्र्याच्या जयघोषाची आरोळी असते, 12 डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेच्या, म्हणजे मेरीमातेच्या, दर्शनाला लाखो लोक पायी येतात आणि 16 डिसेंबरपासून नाताळपर्यंत पोसादा म्हणजे नाताळपूर्व मेळाव्यांची धूम असते.

1 आणि 2 नोव्हेंबरबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ‘कवट्यांचा सण’ म्हणून आपल्याकडचे पाहुणे त्याच्याकडे तमाशासारखे बघतात. घरातल्या मृत माणसांनी वर्षातून एकदा भेटीला यावे, म्हणून ‘ओफ्रेन्दा’ मांडतात. त्यावर फोटो असतो, पेलाभर पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, गोड पाव आणि त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ असतात. दारापासून ओफ्रेन्द्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखतात. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला जांभळी नाक्यावर आपण किलोने घेतो तो तिथून जगभर पसरला. पितृपक्षात ज्याच्या नावाने ताट वाढले जाते, त्याच्या आवडीची भाजी करणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला इथे परके वाटण्याचे कारण नाही. फरक असा की तिथे या दिवसांत लग्नासारखी लगबग असते, गाणी असतात, आणि गेलेल्या माणसाच्या खोड्या हसत सांगितल्या जातात.

शेजाऱ्यांनी बोलावले, तर रिकाम्या हाताने जाऊ नये. झेंडूची जुडी किंवा गोड पाव न्यावा. ओफ्रेन्द्याचा फोटो परवानगीशिवाय काढू नये. फोटोतला माणूस कोण, एवढे मात्र आवर्जून विचारावे. त्याच्याबद्दल सांगायला मिळावे, यासाठीच घरचे लोक थांबलेले असतात. माझ्या शेजारच्या आजींनी माझ्या वडिलांचाही फोटो मागून घेतला होता आणि त्यांना काय आवडायचे, असे विचारून फोटोपुढे वाटीभर साखर घातलेले दही ठेवले होते.

परतताना

परतीचे ठरले की मुलांच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचे दाखले यांच्यावर मेक्सिकोतच अपोस्टिल करून घ्यावा, कारण ठाण्यात आल्यावर ते काम दुसऱ्या कोणाला तरी तिथे धावायला लावून करावे लागते. घरकामाच्या बाईंचा हिशोब, आगिनाल्दोच्या त्या वर्षीच्या हिश्श्यासह, सामान बांधायच्या आधी पूर्ण करावा. घरमालकाला लेखी सूचना द्यावी आणि विजेची शेवटची बिले भरल्याच्या पावत्या अनामत परत मिळेपर्यंत जपाव्यात. निरोपासाठी किमान आठवडा मोकळा ठेवावा: पहारेकरी, तोर्तियावाली, तियांगिसमधली विक्रेती, मुलांच्या बाई या सगळ्यांना स्वतः जाऊन सांगावे लागते, कारण न सांगता गेलेल्या माणसाबद्दल तिथे लोकांना खरेच वाईट वाटते. पुढे फोन करायचा, तर ठाण्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे साडेआठ असतात, आणि 2022 मध्ये उन्हाळी वेळेची पद्धत बहुतेक देशातून रद्द झाल्यापासून हा साडेअकरा तासांचा फरक वर्षभर तोच राहतो.